न मोजलेली पेज

कुंभारवाडा गावाच्या पलीकडे, रानाला टेकून तीन घरं आहेत. मधल्या घरात केशर राहते. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, झिलूला, साखरेचा आजार निघाला. तेव्हापासून रानडुकरांपासून शेत राखावं तशी ती त्याचं ताट राखते आहे.

जोयड्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि भात कमी करायला सांगितलं. केशरने तो बंदच केला. ज्याचा जन्म भाताच्या चिखलात गेला, त्याच्यापुढे नाचणीची भाकरी आणि कारलं येऊ लागलं. चहातली साखर गेली. सणाला गोडाचा वासही त्याच्याकडे जाऊ नये म्हणून ती दार ओढून घ्यायची.

"मी कारलं खातोय का कारलं मला खातंय, कळंना झालंय," झिलू म्हणायचा.

"खाऊंदे. त्येला तरी तुमची चव कळूंदे."

रक्तातल्या साखरेचा आकडा मात्र उतरेना. केशरने दोन भाकऱ्यांची एक केली, एकीची अर्धी. झिलू वाळत गेला, आकडा चढत गेला. आपण नेमकं कुणाशी भांडतो आहोत, हे तिला कळेनासं झालं.

यंदा चतुर्थीनंतर झिलूच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात काटा मोडला. त्याला ते जाणवलंच नाही; साखरेने पाय बधिर झाला होता. आठवड्याने केशरला वास आला. अंगठा काळा पडला होता.

गावची आशा कार्यकर्ती नेत्रा धावत आली. पाय बघून तिने आधी जीपवाल्याला फोन लावला. मग वही उघडली.

"केशरअक्का, काल दिवसभरात अण्णांच्या पोटात काय काय गेलं?"

"अर्धी भाकरी. कारलं. सांजंला परत अर्धी."

"बास?"

"बास. इचार त्येंला."

"आणि प्यायला?"

"पाणी. पेज."

नेत्राचा हात थांबला. "कशाची पेज?"

"कशाची असती गे? उकड्या तांदळाची. सकाळी, दुपारी, शेतातनं आल्यावर. तेवढ्यावर तर उभं हायेत त्ये."

इथल्या कुणब्यांच्या घरात पेज जेवणात धरत नाहीत. ती तहानेची, थकल्या अंगाची. भाकरी घटली तशी झिलूची भूक वाढली, आणि दया येऊन केशर पेज वाढवत गेली. आधी वाटी, मग तांब्या. ताटातून काढलेला भात ती चार वर्षं तांब्यातून पाजत होती.

नेत्राने सांगितलं तेव्हा केशर रडली नाही. "मीच," एवढंच म्हणाली. तोवर जीप आली.

अंगठा काढावा लागला. पाय राहील की नाही, ते साखरेवर आहे, असं डॉक्टर म्हणाले.

आता चुलीवर पेज चढत नाही. केशर ताक देते, तेही मोजून. झिलू दिवसभर भिंतीला टेकून असतो.

"वाटीभर पेज दे गे," काल तो म्हणाला. "पायजे तर पाय घे."

केशरने त्याचा पाय मांडीवर घेतला. पट्टीशेजारचं बोट चिमटीत धरून दाबलं.

"हितं कळतंय?"

झिलू कौलांकडे बघत राहिला. "पेज दिलीस तर सांगतो."

तिने पुन्हा दाबलं, जरा जोरात.