दुबईच्या पाळण्यात माझ्या बाजूची सीट

२०२३ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि डोकं, डोळे, कान तिन्ही ठणठणीत होते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुमच्यातले निम्मे लोक म्हणतील, म्हाताऱ्याला ऊन लागलं असेल. माझ्या मुलानेसुद्धा तेच म्हटलं. त्याला जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

मी काळूराम, राहणार बदलापूर गाव. गाव म्हणजे गाव, स्टेशनकडच्या टॉवरवाल्यांनी त्यात आपलं नाव घुसवू नये. चौथीपर्यंत शिकलो, मग शेती केली, मग अंबरनाथला कंपनीत नोकरी केली. सून ऱ्हस्व-दीर्घ बघून देते, पण शब्द माझे आहेत. भुताखेतांचं म्हणाल तर मसणवटीला लागून असलेल्या आमच्या शेतात मी एकटा राखणीला झोपलेलो आहे. गावातला भगत मला बघून रस्ता बदलतो. कारण मी त्याला चारचौघांत विचारतो, तुझ्या अंगात येतं ते नेमकं कोंबडी शिजल्यावरच कसं रे येतं?

तर असा मी. आता चांगोचं सांगावं लागेल, इलाज नाही.

चांगो माझा चुलतभाऊ. आमची घरं एका भिंतीची, तो तिकडे खोकला की इकडे ऐकू यायचं. आमच्या दोघांचा जन्म त्याच घरात, एकाच आठवड्यात. माझी आई म्हणायची मी आधी, त्याची आई म्हणायची तो आधी. शाळेत मास्तरने दोघांची एकच तारीख टाकली आणि भांडण कायमचं करून ठेवलं. आमच्या भाऊकीत गावदेवीच्या पालखीला पुढचा खांदा मोठ्याचा असतो. आमच्या आधीचे सगळे गेले आणि मान आमच्यावर आला. मोठा मी. जत्रेच्या दिवशी आंघोळ करून, फेटा बांधून देवळात येतो तर काय... चांगो पालखीला पुढून खांदा देऊन उभा! वर मला म्हणतो, "कालू, तू मागनं धर."

मागनं!

तिथेच देवीसमोर शपथ घेतली की या माणसाशी एक शब्द बोलणार नाही. अठरा वर्षं पाळली. लग्नकार्यात समोरासमोर बसलो, पण बोललो नाही. तोही हट्टी, तोही बोलला नाही. पण बघून हसायचा. ते हसणं मला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

आणि आमची दुबईची तिकिटं काढून झाल्यावर चांगो वारला.

माझा मुलगा संदेश अंबरनाथ पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहतो, उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या जीन्सच्या दुकानात काम करतो. तो मयताला गेला. मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी चांगोची बायको सुमन तिच्या ओटीवर येऊन उभी राहिली. त्यांना मुलगा नाही, एकच मुलगी, अग्नी जावयाने दिलेला. मला म्हणाली, "दहाव्याला भाऊकीतल्या मानसानं केस द्याला पायजेत. तुमच्याबिगर त्यांचं कोन हाय आता?"

हे नीट समजून घ्या, सगळं इथेच आहे. आमच्याकडे केस देतो तो धाकटा. मोठा माणूस धाकट्यासाठी डोकं भादरत नाही. म्हणजे मी केस दिले की अख्ख्या गावाला लिहून दिल्यासारखं झालं, चांगो मोठा होता, पुढचा खांदा त्याचाच होता, आणि हा काळूराम अठरा वर्षं उगाच फुगून बसला होता.

मी म्हटलं, "बोलणं नाही तिथे सुतक नाही. आणि केस तर नाहीच नाही. मी दुबईला चाललोय."

ती पदर तोंडाला लावून आत गेली. संदेश म्हणाला, "बाबा, मी देतो केस." मी म्हटलं, "बाप जिवंत असताना तू कोण?" विषय संपला.

सून रूपाली कुरकुरत होती, सुतकात फिरायला जातात का म्हणून. संदेश म्हणाला, "देवळात जायचं नसतं. पाळण्यांबद्दल शास्त्रात काही नाही." आणि नात स्वरा तर महिनाभर बॅग भरून बसलेली. गेलो.

त्या पार्कात आम्ही दहाव्याच्या आदल्या दिवशी गेलो. मी दिवस मोजत नव्हतो, रूपालीनेच सकाळी नाश्त्याला आठवण काढली. मी चहाचा कप आपटला.

पार्क म्हणजे आपल्या जत्रेतले पाळणे, फक्त एसीत. आत एवढं गार की मी स्वेटर मागितला. पहिली एक छोटी आगगाडी होती, एकेका डब्यात दोघं. दारावर एक पोरगा बोट दाखवून माणसं मोजत होता. रूपाली, स्वरा, संदेश, मी... आणि माझ्यानंतर त्याने आणखी एकदा बोट हलवलं. पाच. मला वाटलं, मागच्याला मोजला. मागे वळून बघतो तर साखळी लावलेली, तिथे कोणी नाही.

मी डब्यात बसलो. स्वरा धावत आली, "मी आबांजवळ बसणार!" तर त्या पोराने तिला अडवलं.

मी म्हटलं, "बच्ची को क्यूं रोकता है?"

तो हसून म्हणतो, "फुल्ल, सर."

"फुल्ल? ये आधी सीट खाली है, तेरे को दिखता नहीं क्या?"

त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या बाजूला बघितलं, आणि मान हलवून पुढे निघून गेला. स्वरा रडायला लागली. माझी अशी सटकली म्हणता! मला वाटलं, धोतरवाला म्हातारा बघून मस्करी करतात. नवं धोतर होतं, सांगून ठेवतो. उतरल्यावर मी त्याच्या साहेबाला बोलवायला सांगत होतो, पण संदेशने दंडाला धरून मला बाजूला नेलं. "बाबा, परदेश आहे, आवाज हळू."

पुढे पाण्यातली होडी. तिथल्या बाईने आम्हा प्रत्येकाला अंगावर घालायला प्लास्टिकचा कागद दिला. मला दोन दिले. एक परत करायला गेलो तर घेईना, माझ्या उजव्या बाजूला बोट दाखवते. पुन्हा तेच, उजवीकडे कोणाला बसू दिलं नाही. होडी सुटली आणि उजव्या अंगाला अशी कलली की माझा डावा पाय अधांतरी. संपूर्ण फेरीत पाणी आलं ते त्या रिकाम्या बाजूने, मी कोरडा. मी संदेशला म्हटलं, "माझं वजन पन्नास किलो. होडी तिकडे का झुकते?" तो म्हणाला, मशीन असेल. सगळ्याला मशीन! यांना काही विचारलं की मशीन.

आता मला हट्टच चढला. म्हटलं, सगळ्यात मोठ्या पाळण्यात बसतो, तिथे कोण अडवतो बघू. ती रूळांवरून उलटीपालटी फिरते ती गाडी. संदेश म्हणाला, "तुमच्या वयाला नाही झेपणार." म्हटलं, "शर्यतीच्या गाड्यावर उभा राहून बैल पळवलेत मी. तू बस मागे आणि देवाचं नाव घे."

स्वरा उंचीत बसली नाही, म्हणून ती आणि रूपाली खाली थांबल्या. मी पुढच्या रांगेत, संदेश माझ्या मागे. बाजूची सीट अर्थातच रिकामी. इथला पोरगा आपल्याकडचाच वाटला, बिहार-युपीकडचा, चांगली हिंदी बोलत होता. प्रत्येकाच्या पोटावर आडवी दांडी दाबून बघत होता. माझी बघितली. मग बाजूची दाबायला गेला. खाली सीटपर्यंत जायला पाहिजे ना, रिकामी आहे तर? ती अर्ध्यावरच थांबली. पोराने जोर लावला आणि त्या रिकाम्या सीटला म्हणाला,

"थोड़ा पेट अंदर लीजिए, चाचा."

मी म्हटलं, "किससे बात करता है तू?"

"आपके भाई से."

"मेरा कोई भाई नहीं."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा तिकडे बघितलं. म्हणाला, "तो फिर मुंह एक जैसा कैसे है?"

मी उठायला गेलो, पण दांडी बसलेली. गाडी सुटली.

चांगोचं पोट मोठं होतं. ते मला वर चढताना आठवलं. मी उजवीकडे बघितलं नाही. का नाही बघितलं ते मला विचारू नका, बघितलं नाही. गाडी टोकाला जाऊन एक क्षण थांबली आणि खाली सुटली... आणि माझा उजवा कान कोणीतरी धरला.

अंगठा आणि बोट. मुरगळून वर खेचलेला.

आम्ही लहानपणी शेतावरनं नदीकडे उतारावर बैलगाडी सोडायचो. हाकायला मी, आणि चांगो भित्रा, माझ्या बाजूला बसून माझा उजवा कान धरायचा. "हलू हाक रं कालू, हलू हाक!" मी मुद्दाम जोरात हाकायचो आणि माझा कान लालभडक व्हायचा. हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. संदेशला नाही, माझ्या गेलेल्या बायकोलासुद्धा नाही. कान धरून घेतो हे कोण सांगणार?

आणि माझ्या तोंडून निघालं, "कान सोड, चांग्या!"

एकदा नाही. खाली येईपर्यंत मी ओरडत होतो. "सोड! सोड चांग्या, तुटल कान!" मागे संदेशने सगळं ऐकलं.

बघा म्हणजे. अठरा वर्षांची शपथ. गावात, भिंतीला भिंत लावून, एवढ्या जत्रा, एवढी लग्नं झाली, मोडली नाही. आणि ह्या माणसाने मेल्यावर दुबईत येऊन, मला उलटा टांगून ती मोडायला लावली! बोलायचंच होतं तर जिवंत असताना ओटीवर आला असता. दोन पावलांवर दार होतं. मी काही दाराला कुलूप लावून बसलो नव्हतो.

खाली उतरल्यावर बाहेर टीव्हीवर सगळ्यांचे फोटो लावतात, पाळण्यातले. रूपालीने आमचा शोधला आणि तिचा चेहराच बदलला. फोटोत बाजूची सीट रिकामी. तिची दांडी अर्ध्यावर, मोठ्या पोटाच्या उंचीला. आणि माझा उजवा कान एका बाजूला ताणलेला, टोक वर निघालेलं. डावा कान जागच्या जागी.

संदेश म्हणाला, "वारा असेल."

"वारा एकच कान ओढतो का रे?"

स्वराने माझ्या कानाला हात लावला, म्हणाली, "आबा, नखाची खूण आहे." होती. रूपालीनेही बघितली. माझा हात त्या वेळी दांडीवर होता, फोटोत दोन्ही हात दिसतात.

मग संदेश माझ्या नकळत त्या बिहारी पोराला विचारून आला. आल्यावर काही सांगेना. दोनदा ओरडलो तेव्हा म्हणाला, "तो म्हणतो, दो चाचा उतरे थे. एक गुस्से में थे, एक हंस रहे थे."

परत आल्यावर मी पुष्कळांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, बीपी. मग त्या दोन पोरांना आणि होडीवरच्या बाईला पण माझंच बीपी झालं होतं का? भगत म्हणाला, नारळ दे, कोंबडा दे. त्याला मी हाकलला. एक शिकलेला शेजारी म्हणाला, काका, मनात होतं ते दिसलं. अरे, मला दिसलंच नाही काही, मी बघितलंच नाही, दिसलं ते त्या पोराला! आणि त्याला चांगो कुठे माहीत? कोणाकडे उत्तर असेल तर लिहा. नसेल तर निदान मला वेड्यात काढू नका. मी आजही भूत मानत नाही. पण त्या सीटवर कोण होतं ते मला माहीत आहे, आणि तो तिथे कसा आला ते माहीत नाही. एवढंच आहे.

पण दुबईतलं एक सांगायचं राहिलं. पार्काच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे दहाव्याला, हॉटेलात सकाळी लवकर उठलो आणि न्हाणीघरात स्टूल नेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. संदेशला हाक मारली, "तुझी दाढीची मशीन आण."

तो डोळे चोळत आला. "दाढी करायचीय?"

"डोक्यावरनं फिरव. मिशीपण काढ."

रूपाली दारात येऊन उभी राहिली. मागे तिने पटकन फोन उचलल्याचं ऐकू आलं, "सुमनकाकी, घाटावर जरा थांबायला सांगा..." मी तिला ओरडलो नाही.

संदेशने मशीन हातात धरली, पण सुरू करेना. म्हणाला, "बाबा, नक्की ना? एकदा केस दिले की चांगोकाका मोठा झाला. गावात परत फिरवता येणार नाही."

"मला रिवाज शिकवू नकोस," मी म्हटलं. "मशीन चालू कर."