एक बाजू ठेवता येईल का

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. "हे पांढरं दिसतं ना, हे दात आहेत."

ते दात माझ्या पोटात होते.

१९८२ चा उन्हाळा होता आणि मी एकतीस वर्षांचा होतो. साकोलीत माझं टेलरिंगचं दुकान होतं, पुरुषांचे शर्ट-पँट शिवायचो. सगळे मला सुरेश म्हणत. आसगावात धानाची शेती करणाऱ्या घरात मी जन्मलो तो मुलगी म्हणून. नाव ठेवलं होतं सुशीला. एकविसाव्या वर्षी केस कापले, घर सोडलं आणि साकोलीत आलो. आता आमच्यासारख्यांना ट्रान्स पुरुष म्हणतात. तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हता, छातीला आवळून बांधायचा पंचा तेवढा होता.

पोट दोन महिने दुखत होतं. गावातल्या डॉक्टरांनी तपासायला शर्ट वर करायला सांगितलं, तेव्हा मी "गॅस झाला असंल जी" म्हणून उठून आलो. तुम्ही असं करू नका. त्या दोन महिन्यांत काय काय वाचलं असतं, हे मला आजही कळत नाही.

एका दुपारी मशीनवरच कोसळलो. कमलने मला बसने नागपूरला नेलं. कमल माझी बायको. कागदावर नाही, आम्ही देवळात हार घातले होते. ती विधवा होती. दोन लेकरं झाल्यावर तिची नसबंदी झाली होती. पुढे नवरा वारला, सासरच्यांनी लेकरं ठेवून घेतली आणि तिला वाटेला लावलं.

आजाराचं नाव डर्मॉइड सिस्ट. ओव्हरी म्हणजे अंडाशय, त्यात होणारी ही गाठ. अंडाशयातली एखादी बीजपेशी आपोआप वाढत सुटते आणि गाठीत केस, चरबी, दात तयार होतात. "हे मूल नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. कमलकडे बघून त्या बोलल्या होत्या. उजवीकडची गाठ पिळली गेली होती. त्याला टॉर्शन म्हणतात, रक्त पोचत नाही आणि तो भाग सडू लागतो. ऑपरेशन दुसऱ्या दिवशीच करायचं ठरलं.

रेशनकार्डावर सुशीला होतं, म्हणून मला बायकांच्या वॉर्डात टाकलं. शर्ट, पँट, पंचा सगळं काढून घेतलं. शेजारच्या खाटेवरची बाई ओरडली, "सिस्टर, इथं माणूस काहून आणून ठेवला?" मग माझ्याभोवती पडदा लावला. औषधाच्या वेळी सिस्टर मोठ्याने "सुशीला" पुकारायची आणि मी पडद्याआडून हात बाहेर काढायचो.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "डावी ओव्हरी चांगली निघाली तर ठेवायची का? पुढे मूल हवं आहे?"

हा प्रश्न आमच्या घरात एकदाच निघाला होता, वर्षभरापूर्वी. तांदूळ निवडता निवडता कमल म्हणाली होती, "मले तं आता होत नाई. आपल्या दोघांत पिशवी तुमचीच धड हाये." मी हातातली कात्री भिंतीवर फेकली. "मी माणूस हावो. माणूस पोटुशी रायते का?" पुढे आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. दर महिन्याचं रक्त म्हणजे मला शिक्षा वाटायची. त्या पिशवीचं नावही मला सहन होत नसे.

आणि त्या संध्याकाळी मीच म्हणालो, "एक बाजू ठेवता येत असंल तं ठेवा जी."

कमलने तोंडाला पदर लावला.

पण ऑपरेशनच्या कागदावर रक्ताच्या नातेवाइकाची सही पाहिजे होती. कमल कोणीच लागत नव्हती. आसगावला तार गेली आणि सकाळी माझा मोठा भाऊ आला. दहा वर्षांनी भेटत होतो. पडदा बाजूला करून त्याने माझे कापलेले केस पाहिले, म्हणाला, "सुशे, काय करून घेतलं हे?" मग बाहेर जाऊन त्याने सही केली. तो काय बोलला ते कमलने ऐकलं होतं, तिने मला नंतर सांगितलं. "सगळं काढून टाका जी. तिले काय कामाचं हाये ते?"

तिसऱ्या दिवशी मी नीट शुद्धीवर आलो. डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसल्या. उजवी काळी पडली होती. डावीतही गाठ होती. दोन्ही काढल्या, सोबत गर्भाशयही.

"डावीत थोडा तरी चांगला भाग होता का?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "कदाचित. पण तुमच्या भावाने लिहून दिलं होतं. आम्ही जोखीम घेतली नाही."

तपासणीला पाठवलेल्या गाठीत कॅन्सर निघाला नाही. भाऊ तोवर गावी निघून गेला होता.

आता दर महिन्याचं रक्त येणार नव्हतं. त्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? आणि त्याच पडद्याआड मी उशी तोंडात धरून रडलोही. दोन्ही एकाच दिवशी. पुढे अंगातून आगीचे लोट उठायचे, शिवताना शर्ट भिजायचा. ओव्हरी गेल्यावर असं होतं आणि हाडंही ठिसूळ होतात, हे मला चार वर्षांनी, मनगट मोडल्यावर कळलं.

मूल दत्तक घ्यायला आम्ही एका संस्थेत गेलो होतो. तिथल्या बाईंनी लग्नाचा दाखला मागितला. मग मला विचारलं, "तुम्ही पुरुष की बाई, नक्की काय लिहू?" आम्ही पाणी पिऊन परत आलो.

कोणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, त्याने आधी विचारावं. काय काढणार, काय राहणार, त्यानंतर मूल होईल का. लाज वाटली तरी विचारावं. आणि शुद्धीवर असताना आपलं म्हणणं आपल्याच हाताने लिहून द्यावं. मी फक्त तोंडाने सांगितलं होतं.

कमल त्या दिवसाची आठवण काढून नेहमी म्हणायची, "तुमी माह्यासाठी हो म्हनलं, मले तेवढंच लय हाये." ती उपकार मानायची आणि मी मानू द्यायचो. सहा वर्षं तसं चाललं. एकदा दुकान बंद करून घरी आलो, ती चुलीपुढे बसली होती. मी म्हणालो, "तुह्यासाठी नाई म्हनलं होतं. मलेच पायजे होतं."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?" ती म्हणाली. "एवढी वर्षं एकटेच रडत रायले."

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा दोघं मिळून रडलो.