हौदातले गुडघे

पेशंटच्या फाइलीत गुडघा किती वाकतो हे लिहायला रकाना असतो. पेशंट काय बोलला हे लिहायला नसतो! मग ते सगळं माझ्या डोक्यात साठत जातं. मी परभणीत फिजिओथेरपिस्ट आहे. दवाखान्याच्या मागे छातीइतका खोल, कोमट पाण्याचा एक हौद बांधलाय. सांधेदुखीची मंडळी सकाळी त्यात उतरून व्यायाम करतात. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, गुडघ्याला जरा सुट्टी मिळते, एवढंच त्यातलं शास्त्र. मे महिन्यात तर हीटरही लावावा लागत नाही. परभणीचं ऊन ते काम आपणहून करतं.

*

पहिल्या बॅचला पेडगावच्या कौसामावशी आल्या. साठी ओलांडलेल्या. तरुणपणी कितीतरी हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. डोक्यावर मोळ्या वाहून वाहून दोन्ही गुडघे झिजलेले. स्विमिंग ड्रेसचा विषय मी काढलाच नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून मावशी पायऱ्यांपाशी आल्या आणि थांबल्या. मला वाटलं, घाबरल्या.

"मावशी, उतरा ना."

"थांबा की! नव्या पाण्यात असंच उतरत्यात व्हय?"

आणि त्यांनी कमरेची पुडी काढून पाण्याला हळदकुंकू वाहिलं. मी "अहो, अहो" करेपर्यंत मागच्या चौघींनीही त्याच पुडीतली चिमूट चिमूट हळद घेतली. चिमूट कसली, मूठ!

आमचे सलीमभाई हौदाची देखभाल करतात. रोज छोट्या बाटलीत पाणी घेऊन तपासतात. त्या दिवशी ती बाटली उंच धरून धावतच आले.

"मॅडम, पानी को पीलिया हो गया!"

तेव्हापासून हौदाबाहेर पाण्याचा एक तांब्या भरून ठेवतो. पूजा तांब्याची, व्यायाम हौदात.

*

आमच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, 'तुम्हाला काय जमायला हवंय?' बहुतेक जण चालण्याचं सांगतात, जिने चढण्याचं सांगतात. कौसामावशी म्हणाल्या, "मला बसायचंय."

"बसलाय की आता खुर्चीवर."

"खुर्चीवर न्हाई वो. खाली, न्हाणीत. पाय पसरून. धाकटी लेक बाळंतपणाला यायलीय. लेकरू पायावर घेऊन न्हाऊ घालायचंय मला. निम्म्या गल्लीची लेकरं ह्या पायावर न्हाली, अन् माझ्याच लेकीचं लेकरू दुसरीच्या पायावर घालू का?"

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. माझी पंचाईत झाली. अशा गुडघ्यांना आम्ही जमिनीवर बसूच नका म्हणतो.

"बसाल हो मावशी, पण उठाल कशा?"

"बसायचं माझं मी बगते. उठायचं तुमी बगा!"

झालं, कामाची वाटणी झाली. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना हौदाच्या मधल्या पायरीवर बसवायला आणि उठवायला लागले. पाण्यात दहादा उठायच्या. बाहेर एकदाही नाही.

*

दुखणं शून्य ते दहात मोजायचं असतं. मी मावशींना विचारलं, "किती दुखतंय? आकडा सांगा."

"चुलीपासून गोठ्यापस्तोर."

"मावशी, आकडा."

"आकड्याचं काय करता? गोठ्यापस्तोर गुडघा गप ऱ्हातो. म्होरं बोलायला लागतो."

मला हे मोजमाप आवडलं. मी तेच लिहायला लागले. गोठा झाला, मग विहीर झाली, मग मारुतीचं देऊळ. एकदा त्यांचे कागद त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवले, तर संध्याकाळी डॉक्टरांचा फोन.

"मॅडम, 'मारुतीपर्यंत आराम आहे, पुढे दुखतं' असं लिहिलंय तुम्ही."

"हो सर."

"मग मारुती घरापासून किती लांब आहे?"

खरं सांगू? ते मलाही माहीत नव्हतं!

*

पिंगळीचे गंगाधरमामा रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना गुडघ्यापेक्षा प्रश्न जास्त. पाणी कोमटच का? थंड घेतलं तर काय होईल? आणि पाण्यात वजन कमी होतं म्हणता, तर किती होतं?

"तिसरा हिस्सा राहतो, साधारण," मी म्हणाले.

"कोनं मोजलं?"

दुसऱ्या दिवशी मामा टॉवेलमध्ये गुंडाळून घरचा वजनकाटा घेऊन आले. आधी काठावर उभे राहिले, शहात्तर किलो. मग काटा थेट हौदाच्या तळाशी ठेवला आणि त्यावर चढले. वरून काही दिसेना. शेवटी सलीमभाईंनी नाक दाबून बुडी मारली आणि वर येऊन सांगितलं, "पच्चीस!"

मामांनी काट्यावरूनच विचारलं.

"मॅडम, मंग बाकीचा मी कुटं गेलो?"

तेवढ्यात शेजारी व्यायाम करणाऱ्या कौसामावशी म्हणाल्या, "घरी जाऊन बायकोला इचारा. तिकडंच इसरून आला असाल!"

*

येलदरीहून एक काका एकदाच आले. जन्मभर धरणात जाळी ओढलेली, खांदे आणि बोटं आखडलेली. मी दाखवलं, दोन्ही हात पाण्याखाली पुढे न्या, सावकाश मागे ओढा. त्यांनी इतकं सुरेख केलं की बाकीचे थांबून बघायला लागले.

वीस वेळा झाल्यावर काका म्हणाले, "मॅडम, एवढं ओढलं तर आमच्याकडं मासे येत्यात. हितं काय येतंय?"

मी म्हणाले, "आराम येतो काका."

त्यांनी हात वर काढून दोन्हीकडून नीट बघितले आणि म्हणाले, "अजून तर न्हाई आला." आणि निघून गेले. धरणात थंड पाणी आणि जाळ्याचं ओझं, इथे कोमट पाणी आणि ओझंच नाही, हा फरक त्यांना सांगायचा राहूनच गेला. त्याची रुखरुख अजून आहे मला.

*

आणि मग कौसामावशी यायच्याच बंद झाल्या. फोन लागेना. पंधरा दिवस गेले. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. बसल्या असतील आणि उठता आलं नसेल. शेवटी रविवारी मीच पेडगावला गेले.

लेक दारात भेटली. "माय न्हाणीत हाय. रोज लेकराला न्हाऊ घालायलीय, मंग तुमच्याकडं कशी येईल?"

मागे जाऊन बघते तर मावशी पाटावर, पाय पसरून! नडग्यांवर एवढंसं लेकरू. त्यांनी त्याच्या अंगावर कोमट पाणी घातलं, मग त्याचा उजवा हात आणि डावा पाय धरून पोटावर आणून जुळवले, सोडले. मग डावा हात, उजवा पाय. लेकरू रडायचं थांबून बघत होतं. मीही बघत होते, कारण हौदात उजवा हात डाव्या गुडघ्याला लावायचा व्यायाम मी रोज घेते.

अंघोळ झाली. लेकीनं बाळ घेतलं आणि दुसरा हात मावशींना दिला.

"सरक," मावशी म्हणाल्या.

त्या कुशीवर वळल्या, एक पाय दुमडला, भिंतीला तळवा टेकला. वेळ लागला. आणि मावशी उठल्या! मला रडूच आलं. ते लपवायला मी घाईघाईनं म्हणाले, "काय हो मावशी, बाळालाही माझाच व्यायाम?"

मावशींनी पदराला हात पुसले.

"तुमचा कशाचा, माय? ल्हानपणी तुमालाबी कोन्या म्हातारीनं असंच न्हाऊ घातलं असंल. तवाचं ध्यानात ऱ्हायलं तुमच्या!"