रविवारच्या टेबलाशी माझं ताट

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण इटालियनमध्ये मला फक्त ताटातलं बोलता येतं. तुम्हा दोघांना मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील, नाहीतर कधीतरी तुम्हीच शिकाल. तोवर हे कागद कपाटात, फोटोंच्या डब्याखाली ठेवते.

दर रविवारी तुमचा व्हिडिओचा फोन यायचा. "चाओ, नोन्ना," असं म्हणून तुम्ही हसायचात. नोन्ना म्हणजे आजी, एवढं मला कळायचं. मीही हसायचे. मग तुम्ही बाबांकडे बघायचात आणि फोन त्यांच्या हातात जायचा. मी घड्याळ समोर ठेवून पाहिलं होतं, दोन मिनिटंसुद्धा होत नसत. रुसवा नव्हता, काही नव्हतं, बोलायला भाषाच नव्हती. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण तुम्ही तेव्हा सहा आणि नऊ वर्षांचे. तुमचं इंग्रजी रंग आणि प्राणी यांच्या पुढे गेलेलं नव्हतं. तुमचे आजोबा गेल्यापासून घरात माणसाचा आवाज म्हणजे तो फोनच. तेव्हा मी ठरवलं, तुमची भाषा शिकायची आणि एका रविवारी तुमच्या जेवणाला शेवटपर्यंत बसायचं.

पुण्याची एक मुलगी तशाच फोनवर इटालियन शिकवते. काही वर्षं तुमच्या देशात राहून आलेली. मी तिला मॅडम म्हणते, ती मला आजी. पहिल्या दिवशी मी दोनशे पानी वही समास आखून तयार ठेवली होती.

"वही नंतर," ती म्हणाली. "आज जेवायला काय आहे, आजी?"

"आमटी-भात."

"मग ताट घेऊन या. आपल्याला जेवता जेवता शिकायचंय."

तिचं म्हणणं असं, की आपल्याकडे ताट एकदम वाढलं जातं, मीठ, चटणी, कोशिंबीर, सगळं आपापल्या जागी. तिकडे एक पदार्थ संपतो, ताटल्या उचलतात, आणि दुसरा येईपर्यंत सगळे बसून राहतात. त्या मधल्या वेळात माणसं बोलतात. तो वेळ मला पकडायचा होता. मला ते नवीनच होतं. आमच्या घरी जेवताना कोणी बोलत नसे. तुमचे आजोबा मान खाली घालून जेवायचे, मी वाढायचे, आणि ते उठले की मग मी बसायचे. बार्शीला माहेरीही तसंच होतं.

त्याच दिवशी तिनं मुलांचं एक वाक्य सांगितलं, "पोस्सो आल्त्सार्मी?" म्हणजे, मी उठू का? जेवण झालं की मुलांनी टेबलावरच्या मोठ्या माणसाला विचारायचं. मी ते वहीत लिहिलं आणि पुढे पेन्सिलीनं शेरा मारला, 'उपयोग नाही'.

गृहपाठ एकच असे, कुणाला तरी समोर बसवून जेवायचं आणि तेवढा वेळ इटालियन बोलायचं. समोर बसवणार कुणाला? भाकऱ्या करायला येते तिला बसवलं. मी टोमॅटोचा पास्ता केला होता.

"आंकोरा उन पो?" मी विचारलं. आणखी थोडं घेणार का, असं.

"काय म्हनताय कळंना, पर वाढा," ती म्हणाली. एक घास खाऊन माझ्याकडे पाहिलं. "बाई, लई फिकं हाय हे. शेंगाचं कूट घाला की वरनं."

"त्यात कूट नसतं गं."

"म्हनून तर फिकं हाय."

कूट घातलं. तिनं दोनदा घेतलं, मग पुढच्या घरी उशीर होतो म्हणून निघून गेली. ती गेल्यावर मी माझ्यापुरतं वाढून घेतलं.

तीन महिने असे गेले. मग एक दिवस मॅडम म्हणाली, "आजी, तुम्ही माझ्यासमोर एकदाही घास घेतलेला नाही. ताट घेऊन बसता आणि मला विचारता, जेवलीस का म्हणून."

मी वही चाळून पाहिली. आणखी घे, गरम आहे, मीठ देऊ का, पोट भरलं का. पानंच्या पानं वाढणारीची वाक्यं. जेवणारीचं एकही नव्हतं.

"फोनमधून तुम्ही त्यांना वाढणार कसं?" ती म्हणाली. "टेबलाशी बसायचं तर जेवायला हवं."

त्या रविवारी सकाळच्या चहानंतर मी काही खाल्लं नाही. तुमचा दुपारचा एक म्हणजे उन्हाळ्यात आमचे साडेचार. तुमच्या बाबांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी तिकडे फोन पाण्याच्या जगाला टेकवला, इकडे मी साखरेच्या डब्याला. पास्ता करणार होते, पण एवढी भूक लागल्यावर मला कडक भाकरीच हवीशी वाटली. भाकरी, शेंगाची चटणी, दही घेतलं आणि आधी कुणाला न वाढता तुमच्याबरोबर बसले. पहिला घास घेताना अवघडल्यासारखं झालं.

थोरले, तू विचारलंस, "कोझा मांजी, नोन्ना?" काय खातेस? मी उत्तर न देता फोनजवळ भाकरी मोडली. कडकन आवाज झाला. धाकट्या, तुझा काटा हातातच राहिला. तू आणखी एकदा मोडायला लावलीस, मग आणखी एकदा. ताटल्या उचलल्या गेल्या, आणि त्या मधल्या वेळात थोरलीनं शाळेतलं काहीतरी लांबलचक सांगितलं. मला निम्मं कळलं. मी मान हलवत राहिले आणि भाकरी अगदी सावकाश खाल्ली, संपू नये म्हणून.

फळं झाली. धाकट्या, तुझी चुळबुळ सुरू झाली. तू आईला विचारलंस, "पोस्सो आल्त्सार्मी?" तिनं फोनकडे बोट दाखवलं. टेबलावर सगळ्यात मोठी मीच होते. तू माझ्याकडे वळलास आणि पुन्हा तेच विचारलंस.

नाही म्हणावं, असं फार वाटलं. नाही म्हणायला मला येत होतं. तू खुर्चीच्या टोकावर आलेला होतास.

"वाई," मी म्हटलं. जा.

मग थोरलीनंही विचारलं, तिलाही जा म्हटलं. खुर्च्या सरकल्या. तुमच्या आईनं हात हलवला, बाबांनी फोन उचलला, थोडं बोलून ठेवला.

माझ्या ताटात पाव भाकरी राहिली होती, ती संपवली. इथे 'उठू का' असं मला कुणाला विचारायचं नव्हतं. तरी उष्ट्या हातानं मी बराच वेळ बसून राहिले.