गाडी गार पाहिजे

आमच्या भंडारा जिल्ह्यात भाताच्या जितक्या जाती पिकत असतील, त्याहून जास्त जातींचे राग चिखल्याच्या काकांकडे आहेत. हे काका म्हणजे माझ्या बाबांचे जुने मित्र. चिखला गावातल्या मँगनीजच्या खाणीत पंप आणि विंच दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. खाणीतल्या गोंगाटात ओरडून बोलायची इतकी सवय लागली की 'चहा दे' हेसुद्धा त्यांना भांडल्याशिवाय म्हणता येत नाही. एसटीचा कंडक्टर, आमचा दूधवाला आणि तुमसरचे झाडून सगळे मेकॅनिक, ज्याच्याशी त्यांचं वाजलं नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. मीही काही कमी तापट नाही. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात काका रोज पहिल्या एसटीने तुमसरला आमच्याकडे येऊ लागले, तेव्हा आईने शेजाऱ्यांची आधीच माफी मागून ठेवली.

निमित्त होतं बाबांच्या गाडीचं. बाबांचा डावा पाय राइस मिलच्या पट्ट्यात सापडून गुडघ्याखाली गेला, म्हणून त्यांनी ही जुनी परदेशी ऑटोमॅटिक गाडी घेतली. हिला क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात. निदान पडायला हवेत. पण थंडीच्या दिवसांत सकाळी ती पहिल्यावरून दुसऱ्यावर जाईना. इंजिन नुसतं किंचाळायचं, मग एकदम हिसका बसायचा. दहा मिनिटांनी तापली की काही झालंच नाही अशी चालायची. लाखनीला आत्याकडे मुक्काम करून सकाळी निघालो, तर हायवेवर चढतानाच ती अशी अडली. मागच्या ट्रकने कसाबसा ब्रेक मारला. मी शेजारी बसले होते. घरी आल्याबरोबर मी चावी काढून माझ्या पर्समध्ये टाकली. त्यानंतर त्यांना दाढी करायला जायचं असलं तरी मी शाळेत शिकवून परत येईपर्यंत ते थांबत.

मेकॅनिक काय, गाडी त्यांच्याकडे पोचेपर्यंत तापायची आणि ते 'काही नाही' म्हणून मोकळे व्हायचे. यावर काकांचा संताप अनावर. "थंडीतला रोग थंडीतच पाहा लागते," ते म्हणायचे. "मशीन दिवसातून एकदाच खरं बोलते." म्हणजे गाडी रात्रभर गार राहिली पाहिजे आणि सकाळी चाचणी एकच. ती हुकली की उद्यापर्यंत थांबा. दूधवाला बॉनेटला टेकून मोबाइल बघत होता, तर काका कडाडले, "आंग काढ तिथून, तिले गरमी लागून राहिली." त्यांनी आईचा मिक्सर बंद करवला. मागची चाकं ओंडक्यांवर उचलायची, मी आत बसून लीव्हर टाकायचा आणि काका शेजारी चटईवर आडवे होऊन कान देणार. गिअरबॉक्सचं लाल तेल बोटावर घेऊन ते हुंगायचे. जळका वास येत नाही, म्हणजे आतल्या गिअर धरणाऱ्या प्लेटा शाबूत असाव्यात. पण नुसत्या 'असाव्यात'वर गिअरबॉक्स खोलायचा नाही, म्हणून पुन्हा उद्या. वर मलाच ओरडा. "हळू म्हटलं ना तुले. शाळेत पोट्ट्याईले असंच शिकवते का तू?" पंधरा दिवस मी शाळेत उशिरा पोचले. शेवटी लीव्हर आपटून मी म्हणाले, भंगारात काढा ही गाडी. काका म्हणाले, "तुही गाडी नाही ते. ज्याची आहे, त्याले इचार."

सोळाव्या दिवशी गाडी निमूट चालली. दुसरा पडला, तिसराही पडला, हिसका नाही की किंचाळणं नाही. बाबा ओट्यावरून मला म्हणाले, "झाली ना बरी? आता चावी दे." काकांना मात्र ते पटलं नाही. त्यांनी गाडीखाली हात घालून गिअरबॉक्सच्या चेंबरला लावला. चेंबर कोमट होतं. खाली तुसाची राख सांडली होती. बाबांनी पहाटे उठून, भाताच्या तुसाचं धुमसतं घमेलं कुबडीने ढकलत गाडीखाली सरकवलं होतं आणि काका यायच्या आत काढून घेतलं होतं.

"पेट्रोलच्या गाडीखाली इस्तो ठेवते का बे?" काका गरजले. "मले फसवशील. ट्रकवाल्याले कसा फसवशील?"

बाबा जागचे हलले नाहीत. "दीड महिना झाला," ते म्हणाले. "साधं चौकात जायचं तं पोरीले इचारतो मी. तुले काय समजते त्याचं?"

मला बाबांचा राग आला, काकांचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो माझ्या खांद्यावरच्या पर्सचा. दीड महिन्यात मी बाबांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला कसं वाटतं.

काकांनी चटई गुंडाळली. मग तशाच चिडक्या आवाजात म्हणाले, "पण लेका, रोगाचं निदान तूच केलं." इंजिन न तापवता नुसतं चेंबर शेकलं आणि गिअर पडले. म्हणजे प्लेटा ठीक होत्या. रबरी सील थंडीत कडक होऊन तेलाचा दाब सोडत होते, आणि शेकल्यावर मऊ पडले होते. आता खोलायला हरकत नव्हती.

सील नागपूरहून आले. काकांनी ताडपत्री पसरून आठवडाभर शिव्या देत गिअरबॉक्स खोलला आणि जोडला. शेवटच्या चाचणीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. काकांनी माझ्यापुढे हात केला, मी चावी दिली, त्यांनी ती बाबांना दिली. गाडी फाटकाबाहेर गेली. दुसरा गिअर कधी पडला ते कळलंही नाही. मी विचारलं, "कुठे चालले ते?"

"ते इचाराची सवय सोड आता," काका खेकसले.

मला गप्प बसवून ते स्वतः मात्र चिखल्याच्या दोन एसट्या सोडून रस्त्याकडे बघत फाटकाशी बसून राहिले. मीही शाळेत गेले नाही. बाबा दुपारी आले. इतका वेळ कुठे होता, हे आम्हा दोघांपैकी कोणीच त्यांना विचारलं नाही.