सात वाजताचं पहिलं पाऊल

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळींत बरीच वर्षं एक बातमी फिरत होती, की मूळचे इचलकरंजीचे दिगंबर खोत उतारवयात बिघडले. घागरा घालून बाहेर पडतात, दारू धरलीये, आणि एका स्कॉटिश बाईनं त्यांना पार मुठीत ठेवलंय. ही बातमी सत्यनारायणाच्या शिऱ्याबरोबर वाटली जायची आणि घरोघरी तिच्यात चमचाभर तूप वाढायचं.

खरं सांगायचं तर यातला घागरा तेवढा खरा. त्याला किल्ट म्हणतात, स्कॉटलंडात तो पुरुषच घालतात, आणि काकांचा तर भाड्याचा आहे. दारूचं म्हणाल, तर काका खोकल्याचं औषधसुद्धा त्यात अल्कोहोल किती टक्के ते वाचून परत शेल्फवर ठेवतात. आणि मुठीत ठेवणाऱ्या बाई म्हणजे डॉट मॅकअलिस्टर. वय ब्याऐंशी, हातात वॉकर, आणि काकांना हाक मारतात 'डिगी'. सुमित्रा काकूंना हे सगळं पहिल्यापासून माहीत आहे. किल्टला इस्त्री त्याच करतात. "माझ्या नऊवारीला एवढ्या निऱ्या नव्हत्या," असं दर वर्षी म्हणतात आणि दर वर्षी एक निरी मुद्दाम वाकडी ठेवतात.

डॉटबाई थिसल हॉलच्या अध्यक्ष. हा हॉल श्रूजबरीहून पंचवीस मिनिटांवरच्या एका छोट्या गावात आहे. तिथे एके काळी लोकरीची गिरणी होती आणि ती चालवायला स्कॉटलंडहून माणसं आणली होती. गिरणी गेली, माणसं आणि हॉल राहिले. आता तिथे मार्चमध्ये मेपल सिरपचा नाश्ता होतो, उन्हाळ्यात दांडगे लोक विजेच्या खांबाएवढे ओंडके फेकतात, ऑक्टोबरात भोपळे कोरतात, नोव्हेंबरात बॅगपाइप वाजतो, आणि एकतीस डिसेंबरला नवं वर्ष लागतं. ते लागतं संध्याकाळी सात वाजता. कारण तेव्हा स्कॉटलंडमध्ये बारा वाजतात, आणि हॉलच्या सभासदांची वयं बघता इथले बारा वाजेपर्यंत थांबायचं म्हटलं तर नवं वर्ष बघायला फक्त बॅगपाइपवालाच जागा असेल.

काका तिथे पोचले ते एका पातेल्यापायी. २०१३ साली मंडळानं दत्तजयंतीला तो हॉल घेतला होता आणि काकूंचं सगळ्यांत मोठं पातेलं तिथल्या स्वयंपाकघरात राहून गेलं. एकतीस तारखेला काका ते आणायला निघाले. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून काकूंनी नानकटाईचा डबा हातात दिला. पोचले तर दार बंद, आणि आत लोक उलटे आकडे मोजतायत. काकांना वाटलं लिलाव चाललाय. त्यांनी दार ठोकलं. घंटा वाजली, दार उघडलं, काका उंबऱ्याच्या आत आले आणि एकशेवीस माणसं टाळ्या वाजवायला लागली. तीन आज्यांनी त्यांचा मुका घेतला. काका एवढंच म्हणाले, "आय हॅव कम फॉर माय व्हेसल."

झालं होतं असं. नवीन वर्ष लागल्यावर उंबऱ्यावरून पहिला जो आत येईल त्याच्यावर घराचं वर्षभराचं नशीब, असं स्कॉटिश लोक मानतात. तो पुरुष असावा, उंच असावा आणि मुख्य म्हणजे काळ्या केसांचा असावा. कारण म्हणे पूर्वी समुद्रातून लुटायला यायचे ते सगळे पिंगट केसांचे. त्यानं हातात कोळसा, मीठ, व्हिस्की आणि काहीतरी गोड आणावं, त्यांच्यात लोण्याची बिस्किटं आणतात. आणि इथे दारात उभे होते पाच फूट अकरा इंचांचे, काळ्याभोर केसांचे काका, हातात नानकटाई घेऊन. त्या वर्षी हॉलचं चौदा वर्षं गळणारं छप्पर गळायचं थांबलं. मार्चमध्ये ते दुरुस्त करून घेतलं होतं ही गोष्ट वेगळी. श्रेय काकांना मिळालं.

तेव्हापासून काका हे काम कारखान्यातल्या तपासणीसारखं करायला लागले. आयुष्यभर मागांवरच्या कापडात चुका शोधल्या होत्या त्यांनी. त्यांनी सात पानी कार्यपद्धतच टाइप केली. कोळसा डाव्या हातात, मीठ उजव्या. व्हिस्कीची बाटली ते लॅबमध्ये नमुना न्यावा तशी दोन बोटांत, अंगापासून लांब धरायचे. पाऊल उजवंच. दुसऱ्या वर्षी त्यांनी सवयीनं दारात बूट काढले आणि मोज्यांवर आत गेले. आता त्या दिवशी अख्खा हॉल बूट काढतो आणि नव्या सभासदांना सांगतो की ही फार जुनी स्कॉटिश प्रथा आहे. करोनाच्या वर्षी काकांनी लॅपटॉप आत ठेवला आणि स्वतःच्याच घराचा उंबरा झूमवर ओलांडला. नेट अडकलं म्हणून तीनदा ओलांडला.

वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस काका रिटायर्ड होते. एक दिवस नव्हते.

मग गेल्या ऑक्टोबरात केस गेले. म्हणजे जागेवरच होते, रंग गेला. कलप लावल्यावर डोकं भोपळ्यासारखं सुजलं आणि डॉक्टरांनी कलप कायमचा बंद केला. काकांचे केस काळे नाहीत ही गोष्ट सगळ्या श्रूजबरीला ठाऊक होती. सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच काकांना ठाऊक नव्हतं. महिनाभरात डोकं पार कापूस झालं.

डॉटबाईंचा फोन आला तेव्हा शेजारची केया तिथेच होती. केया सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली, गणित विचारायला काकांकडे यायची आणि घरी जाऊन काकांची नक्कल करायची. आवाज, चाल, "म्हणजे कसं आहे" म्हणताना वर जाणारी उजवी भुवई, सगळं. हे लिहिणारीही तीच. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे चोरून ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

"डिगी, डिअर," डॉटबाई म्हणाल्या. त्या डिअर म्हणाल्या की पुढे काहीतरी वाईट येतं. "तुझ्या केसांबद्दल कमिटीत बोलणं झालं."

"हं," काका म्हणाले.

"नियम मी केलेला नाही. अठ्ठ्याहत्तर साली पांढऱ्या केसांचा माणूस पहिला आत आला, आणि त्या फेब्रुवारीत किती बर्फ पडलं ते तू कोणालाही विचार. लोक अजून घाबरतात. तुझ्या ओळखीत कोणी तरुण आहे का?"

ओळखीत तरुण होता. वेदांत, नागपूरचा, वूस्टरला पीएचडी करणारा, सहा फूट दोन इंच, आणि केस असे की शाम्पूवाल्यांनी बाटलीवर छापावेत. शनिवारी काकूंकडे जेवायला यायचा. काकांनी त्याचं नाव दिलं, फोन ठेवला आणि केयाच्या वहीतलं एक बरोबर गणित चूक म्हणून खोडलं.

पुढचे पाच शनिवार काकांनी वेदांतला शिकवलं. दिवाणखान्याचा उंबरा, हातात कोळशाऐवजी बटाटा.

"म्हणजे कसं आहे वेदांत, घाई नाही करायची. दार उघडलं की एक श्वास. मग उजवं."

"हो काका."

"बाटली मिठी मारल्यासारखी धरू नकोस. आपण पीत नाही हे दिसलं पाहिजे."

"काका, मी पितो पण थोडी."

"ते दिसू देऊ नकोस."

"अहो, पोराला पोळी तरी खाऊ द्या," काकू आतून म्हणाल्या. "चार वेळा आत आलाय तो, अजून बसला नाही." मग ताट वाढताना हळूच केयाला म्हणाल्या, "रात्री उठून एकटेच उंबऱ्यावर उभे असतात गं. मी बघितलंच नाही असं करते."

एकतीस तारखेला दुपारी बर्फ पडायला लागलं. गाडीत केया मागच्या सीटवर होती, तिला व्हिडिओ काढायचा होता. काका मिठाची पुडी मांडीवर घेऊन गाडी चालवत होते, वेदांत वूस्टरहून परस्पर येणार होता. केयाला गप्प बसवेना म्हणून ती बोलली.

"काका, इट्स ओव्हर. इट्स ओके. तुम्ही अकरा वर्षं केलंत. दॅट्स लाइक, अ करिअर."

"ओव्हर कसं काय? सात अजून वाजायचेत."

"सीरियसली? आज पहिलं पाऊल तुमचं पडणार?"

"लाव पैज."

लावली. काका हरले तर संक्रांतीच्या कार्यक्रमात केया स्टेजवर त्यांची नक्कल करणार, आणि काकांनी पहिल्या रांगेत बसून ती बघायची. केया हरली तर वर्षभर नक्कल बंद. तिनं मनातल्या मनात किल्टची ऑर्डरसुद्धा देऊन टाकली.

सातला पाच कमी असताना तिघं हॉलच्या पायऱ्यांवर उभे होते. पहिलं पाऊल टाकणाऱ्या पाहुण्यानं घालायची लोकरी टोपी काकांनी स्वतःच्या हातानं वेदांतच्या डोक्यावर ठेवली, मागून केस दिसतील अशी. त्याच्या हातांत कोळसा, नानकटाई आणि बाटली दिली. मीठ धरायला तिसरा हात नव्हता, म्हणून ते काकांकडेच राहिलं. काका उघड्या डोक्यानं एक पायरी खाली उभे राहिले. जरा वेळानं वर येऊन, पाय जुळवून त्याच्या शेजारी उभे राहिले.

आत आकडे सुरू झाले. तीन, दोन, एक, घंटा. दार उघडलं. उजेड, ऊब आणि एकशेवीस उत्सुक चेहरे. वेदांतनं शिकवल्याप्रमाणे एक श्वास घेतला, शेजारी बघितलं, आणि बाजूला सरकला.

"या काका. आधी तुम्ही."

"अरे, तू जा."

"असं कसं? तुम्ही बर्फात उभे अन् मी आत जाऊ?"

"तू पाहुणा आहेस आजचा."

"तुम्ही मोठे आहात काका. आईला कळलं तर नागपूरहून येऊन मारेल मला."

दार सताड उघडं, थंडी आत चाललेली. बॅगपाइपवाल्यानं भरून घेतलेला श्वास तोंडातच धरला होता, त्याचे गाल बीटासारखे झाले. सात पानी कार्यपद्धतीत ह्या प्रसंगाचा उल्लेख कुठेही नव्हता. काकांनी सुस्कारा सोडला, दुसऱ्याचा मान राखायलाच केवळ आपण हे करतोय असा चेहरा केला आणि उजवं पाऊल आत टाकलं.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे काकांच्या डोक्याकडे बघत होते. मागच्या रांगेत कोणीतरी "सेव्हंटी-एट" असं पुटपुटलं. डॉटबाई वॉकर पुढे ढकलत ढकलत आल्या, थेट काकांसमोर थांबल्या, आणि वर बघत राहिल्या. मिठाची पुडी काकांच्या हातात चुरगळायला लागली.

"डिगी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "केवढं बर्फ साचलंय तुझ्या डोक्यावर."

काकांचा हात डोक्याकडे जायला लागला.

"झटकू नकोस," डॉटबाई म्हणाल्या. "माझी फरशी ओली होईल."

बॅगपाइपवाल्यानं श्वास सोडला, पाइप किंचाळला आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. मागच्या रांगेतला माणूसही, जरा उशिरानं. आज्यांनी मुके घेतले. त्यांचा काकांपाशी कोटा संपल्यावर वेदांतचेही घेतले.

नंतर चहाच्या टेबलापाशी केयानं काकांना गाठलं.

"दॅट वॉज चीटिंग."

"चीटिंग काय त्यात? नियमात कुठे लिहिलंय?"

"तुम्हाला माहीत होतं तो थांबणार."

"म्हणजे कसं आहे," काका म्हणाले, आणि उजवी भुवई वर गेली, "पाच शनिवार तो जेवायला येतोय. मी ताटावर बसल्याशिवाय तो पाण्याच्या पेल्यालासुद्धा हात लावत नाही. मी फक्त त्याच्या शेजारी उभा राहिलो. मुलगा चांगल्या घरातला आहे, एवढंच."

पैज म्हणजे पैज. आता वर्षभर केयानं काकांचा आवाज काढायचा नाही, त्यांच्यासारखं चालायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.