वाटीतले दात

त्या आठवड्यात भामाने रस्त्यावरून भाजीची हाक दिलीच नाही. दारात येऊन मुकाट्याने कडी वाजवली. सुकापूरहून डोक्यावर पाटी घेऊन पनवेलला येणाऱ्या या बाईचा आवाज मी कित्येक वर्षं ऐकत आले होते.

"तोंड आलंय, बाई," गालावर हात धरून ती म्हणाली. "पानीपन झोंबतं."

भामा धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची. शनिवारी तिच्या जावेच्या, चंद्रावतीच्या मुलीची हळद होती. व्हिडिओवाला येणार म्हणून घरच्यांनी भामाला नवी कवळी करून दिली होती.

मी तिला खिडकीपाशी बसवून तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरडीवर, कवळीची कड टेकत होती तिथेच, पांढरट जखम होती, भोवती लाल. वर तिने मिश्री दाबलेली.

"रात्री तरी काढतेस का कवळी?"

"काढली त बसंल कशी? नवी चप्पल चावते म्हनून कोन अनवानी फिरतं का?"

माझे गुडघे ठणकत होते, वाद घालायचंही त्राण नव्हतं. तरी तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी कड घासून गुळगुळीत केली. जखम भरेपर्यंत कवळी लावायची नाही, मिश्री आणि तिखट बंद, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा. पुढेही रात्री कवळी पाण्यातच ठेवायची. दोन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर परत दाखवायचं.

"आनि शनिवारी?" बाहेर आल्यावर भामाने मला विचारलं.

"दात लावलेस तर गाता येणार नाही."

"नाय लावले त बोळकं दिसंल. जल्मभर टीवीत."



हळदीला मी कशीबशी गेले. भामा मांडवात आली तशी चंद्रावती ओरडली, "अगं, दात कुठं ठेवलेस?"

"घरी वाटीत, पान्यात पवतायत."

बायका खो खो हसल्या. भामाने गायला सुरुवात केली. शब्द ओठांतून निसटत होते, पण चाल पक्की होती. मागच्या बायकांनी ओळी बरोबर उचलल्या. व्हिडिओचा दिवा तोंडावर आला तेव्हा तिने पदर पुढे ओढला, गाणं थांबवलं नाही.

मधेच ती माझ्याजवळ येऊन टेकली.

"फार दुखतं का गं?"

"आता कमी हाय. पन दमले, बाई."

कोणीतरी कोमट पाणी आणून दिलं. तिने त्यात मीठ टाकलं, मांडवामागे जाऊन चूळ भरली. आतून पुन्हा हाक आली, तशी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि गेली.